लेकीच्या लग्नासाठी सोने लागणार आहे. घरातली साडेचार किलो चांदी आत्ताच बदलून घ्यावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या घरी सगळी मिळून साधारण साडेचार किलो चांदी आहे आणि ती देऊन सोने घ्यावे की नाही, या विचारात मी गेले दोन महिने अडकले आहे. २०२५ च्या दिवाळीत चांदीच्या भावाने जी उसळी घेतली, तेव्हापासून घरात प्रत्येक जण वेगळे सांगू लागला आहे. यजमानांच्या मते चांदी अजून वाढणार असल्याने तिला हात लावू नये. माझा थोरला भाऊ म्हणतो की असा भाव पुन्हा मिळणार नाही, तेव्हा ताबडतोब सोने करून टाकावे. आमचे सराफ म्हणतात, कधीही या, बदलून देऊ. मात्र तिघांपैकी एकानेही कागदावर हिशेब मांडून दाखवलेला नाही.

चांदी तीन प्रकारची आहे. एक-एक किलोच्या दोन लगडी आहेत; पहिली मी २०१३ च्या पाडव्याला बावन्न हजारांना आणि दुसरी २०१९ च्या अक्षय्य तृतीयेला अडतीस हजारांना घेतली. दोन्हींच्या पावत्या माझ्या नावाच्या आहेत आणि पैसेही माझ्या शिकवण्यांचे होते. दुसरा भाग म्हणजे सासूबाईंची ताटे, वाट्या, तांब्या-भांडे, अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि एक जड समई, मिळून एक किलो आठशे ग्रॅम. तिसरा भाग म्हणजे त्यांच्याच पेटीत निघालेले साठ जुने चांदीचे रुपये, ज्यांचे वजन सातशे ग्रॅम भरते. सासूबाईंना जाऊन चार वर्षे झाली. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते.

मुलीचे लग्न दोन वर्षांत करायचे आहे आणि तिच्या अंगावर निदान दहा तोळे सोने घालावे, अशी आमची इच्छा आहे. आज घरात त्यातले काहीच बाजूला काढलेले नाही. सोने याच वेगाने चढत राहिले तर दोन वर्षांनी आपल्या हाताला लागणार नाही, ही भीती मला झोपू देत नाही. आणि आज चांदी दिली व नंतर तीच दुप्पट झाली तर जन्मभर हळहळ राहील, ही दुसरी भीती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कसोटी

ताई, मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका पेढीवर तीस वर्षे मोडीच्या (जुना माल विकत घेण्याच्या) काट्यावर बसलो आणि आता निवृत्त आहे. भाव पुढे कुठे जाईल हे मी सांगू शकत नाही. मात्र चांदी देताना आणि सोने घेताना हातातून काय निसटते, ते रोज पाहिलेले आहे, म्हणून तेवढेच सविस्तर लिहितो.

वर्तमानपत्रात छापून येणारा भाव शुद्ध चांदीचा असतो आणि आपली भांडी शुद्ध चांदीची नसतात. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून असे धरू की शुद्ध सोने दहा ग्रॅमला १,३०,००० रुपये आहे आणि चांदी किलोला २,००,००० रुपये आहे. या भावाने एक किलो चांदीचे कागदावर १५.३८ ग्रॅम सोने येते. आता तुमची लगड घ्या. ती शुद्ध आहे, शिक्का आहे, पावती आहे, तरीही पेढी भावात दोन-तीन टक्के कमी धरेल. तीन टक्के धरल्यास हातात १,९४,००० रुपये पडतात. त्यातून सोन्याचे नाणे घेताना नाण्याची घडणावळ दोन टक्के आणि वर तीन टक्के जीएसटी धरला, तर १४.२० ग्रॅम सोने मिळते. पुष्कळ गिऱ्हाइकांचा समज असतो की जीएसटी फक्त फरकाच्या रकमेवर लागतो. तसे नाही, जुने दिले तरी नव्या सोन्याच्या पूर्ण किमतीवर तो आकारला जातो.

भांड्यांचे गणित याहून कडू आहे. जुन्या ताटा-तांब्यांचा टंच (शुद्धतेचा टक्का) ८५ निघाला, तर किलोभर भांड्यांत शुद्ध चांदी ८५० ग्रॅमच असते. त्याच कपातीने १,६४,९०० रुपये येतात आणि नाणे मिळते १२ ग्रॅमचे. त्याच पैशांत बावीस कॅरेटचा दागिना घेतला आणि घडणावळ बारा टक्के पडली, तर दागिना १२ ग्रॅमचा भरतो खरा, पण त्यातले शुद्ध सोने जेमतेम ११ ग्रॅम असते. म्हणजे कागदावर पंधरा आणि हातात अकरा. ही तूट कोणाच्या लबाडीची नाही, व्यवहाराचीच आहे. मात्र ती आधी माहीत असावी.

समईबद्दल एक सावधगिरी सांगतो. जड समयांच्या दांडीत पुष्कळदा दुसऱ्या धातूचा गज असतो, अत्तरदाणी-गुलाबदाणीच्या सांध्यांना डाग (जोड देणारा हलका धातू) लावलेला असतो आणि काही पोकळ वस्तूंत लाख भरलेली असते. यंत्रावर ठेवून पाहिलेला टंच हा वरच्या थराचा असतो, आतला नव्हे. मोडायचेच ठरले तर वस्तू आपल्यासमोर आटवून घ्यावी आणि आटल्यानंतरचे वजन व टंच लिहून घ्यावा. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी सगळ्या हिंदुस्थानात पसरली आहेत, तेव्हा चांगला गलाईवाला मिळणे तुम्हाला अवघड जाऊ नये.

रुपयांच्या बाबतीत मात्र थोडे थांबा, कारण तिथे सगळ्यात मोठी फसगत होते. सरकारी चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एका जुन्या तोळ्याचा (आता सराफ तोळा दहा ग्रॅमचा धरतात). राणीछाप, सातव्या एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे रुपये ९१.७ टक्के चांदीचे आहेत, त्यात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. पण १९४० पासून सरकारने चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले आणि त्या रुपयात ५.८३ ग्रॅमच चांदी उरली. सहाव्या जॉर्जचा चेहरा पाहून काही कळत नाही, साल वाचावेच लागते. साठच्या साठ जुने असतील तर शुद्ध चांदी ६४१ ग्रॅम भरेल आणि सगळे १९४० नंतरचे असतील तर फक्त ३५० ग्रॅम. शिवाय काही सालांच्या आणि काही टांकसाळींच्या नाण्यांना संग्राहक धातूपेक्षा अधिक किंमत देतात, म्हणून ती सरसकट काट्यावर घालू नयेत.

सोनचाफा

माझा अनुभव थोडक्यात लिहिते, कारण त्यातली चूक तुमच्याकडून होऊ नये असे मनापासून वाटते. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या आधीच्या आठवड्यात, चांदी किलोला पस्तीस हजारांच्या आसपास आली होती आणि सोने तुलनेने टिकून होते. घाबरून मी तीन किलो चांदी दिली आणि पंचवीस ग्रॅम सोने घेतले. वर कसोटी काकांनी धरलेल्या भावाने त्या चांदीचे आज सहा लाख झाले असते. माझ्याजवळच्या सोन्याचे सव्वातीन लाख होतात. सोने घेणे ही माझी चूक नव्हती. चांदी सोन्याच्या मानाने सगळ्यात स्वस्त झालेली असताना मी ती दिली, आणि दोन्ही भाव एकत्र ठेवून एकदाही पाहिले नाहीत, ही चूक होती.

हिशेबवही

करआकारणीचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात काम करते.

चांदी देऊन थेट सोने घेतले, रोख हातात आलीच नाही, म्हणून कर नाही, असा समज फार पसरलेला आहे. आयकर कायद्यात हस्तांतर या शब्दाच्या व्याख्येत विक्रीच्या जोडीला अदलाबदलही स्पष्टपणे घातलेली आहे. त्यामुळे ज्या दिवशी चांदी दिली त्या दिवशी नफा झाला, असेच धरले जाते. घेऊन चोवीस महिने उलटलेल्या चांदीवरचा नफा दीर्घकालीन ठरतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पापासून त्यावर १२.५ टक्के कर व उपकर आहे आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची सोय राहिलेली नाही.

तुमच्या लगडींच्या बाबतीत सुदैवाने वाट चांगली आहे. त्या तुमच्या नावाच्या आहेत आणि पैसे तुमच्या कमाईचे होते, हे फार महत्त्वाचे आहे. यजमानांनी दिलेल्या पैशांतून घेतल्या असत्या तर नफा त्यांच्या उत्पन्नात मिळवला गेला असता. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी करमुक्त मर्यादा ४ लाख रुपये आहे आणि निवासी व्यक्तीच्या इतर उत्पन्नाने ती भरली नसेल, तर उरलेल्या मर्यादेत हा दीर्घकालीन नफा बसवता येतो. कसोटी यांच्या आकड्यांनी २०१३ च्या लगडीवर १,४२,००० आणि २०१९ च्या लगडीवर १,५६,००० रुपये नफा दिसतो. तुमच्या शिकवण्यांचे वर्षाचे उत्पन्न सव्वा लाखाच्या आसपास असेल, तर दोन्ही लगडी एकाच आर्थिक वर्षात दिल्यास तुम्ही मर्यादेच्या थोड्या वर जाल. एक ३१ मार्चच्या आधी आणि दुसरी एप्रिलमध्ये दिली, तर दोन्ही वर्षी कर शून्य येऊ शकतो.

सासूबाईंच्या चांदीचे तसे नाही. वारशाने आलेल्या वस्तूची खरेदी किंमत ही मूळ मालकाची धरतात आणि वस्तू १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल, तर त्या दिवशीचा बाजारभाव घेता येतो. तेव्हा चांदी किलोला सात हजारांच्या आसपास होती, म्हणजे आजची जवळजवळ सगळी रक्कम नफाच ठरते. रोजच्या किंवा सणावारी खरोखर वापरातल्या भांड्यांना वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून सूट मागता येते. नाणी आणि लगडी मात्र पूजेत मांडत होतो, या कारणाने त्या सवलतीत येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये धोलपूरच्या महाराजांच्या प्रकरणात, महालक्ष्मीच्या पूजेत ठेवल्या जाणाऱ्या मोहरा, रुपये आणि चांदीच्या लगडींबद्दल हेच ठरवले होते.

त्याहून आधीचा प्रश्न असा की ती चांदी कोणाची आहे? हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिचे मुलगे, मुली आणि हयात असल्यास पती हे सर्व सारखे वारस असतात. तुम्हाला नणंद असेल, तर त्या भांड्यांत आणि रुपयांत त्यांचा यजमानांइतकाच वाटा आहे. त्यांना न विचारता काहीही मोडू नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नणंदेच्या वाट्याचा मुद्दा वाचून मला खरोखर ओशाळल्यासारखे झाले, कारण चार वर्षे ती पेटी आमच्याच कपाटात असल्याने ती आमचीच, असे मी गृहीत धरले होते. वन्सं पुण्याला असतात. त्यांच्याशी या रविवारी बोलते. शिकवण्यांचे उत्पन्न वर्षाला एक लाख वीस हजारांच्या आत-बाहेर असते, त्यामुळे लगडी दोन वर्षांत विभागण्याची सूचना आम्हाला तंतोतंत लागू पडते.

आता फक्त लगडींपुरते विचारते. सोनचाफा यांनी म्हटल्याप्रमाणे दोन्ही भाव एकत्र ठेवून पाहायचे, तर ते कसे पाहावेत आणि आजची वेळ कोणत्या बाजूची आहे?

नाणेघाट

सोन्याच्या दहा ग्रॅमच्या भावाला शंभराने गुणावे आणि चांदीच्या किलोच्या भावाने भागावे. जो आकडा येतो, तितके किलो चांदी एक किलो सोन्यासाठी द्यावी लागते. वरच्या उदाहरणात तो ६५ येतो. आकडा मोठा असताना चांदी सोन्याच्या मानाने स्वस्त असते आणि लहान असताना महाग, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हा आकडा किती हेलकावे खातो ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेली, तेव्हा तो सतराच्या आसपास होता. १९९१ मध्ये शंभराच्या जवळ गेला, एप्रिल २०११ मध्ये बत्तिसापर्यंत उतरला, मार्च २०२० मध्ये एकशेवीस ओलांडून गेला, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा शंभराच्या वर होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तरीच्या खाली आला. म्हणजे ज्या वेळी सोनचाफा यांनी चांदी दिली, तिच्यापेक्षा ही सत्तरीखालची वेळ देणाऱ्याला कितीतरी अनुकूल आहे. याहून अनुकूल वेळ येणारच नाही असे मात्र नाही. २०११ चा बत्तीस याहून खाली होता.

अनेक ठिकाणी हिरिरीने लिहिले जाते की पूर्वापार गुणोत्तर पंधराचे होते, म्हणून ते तिथेच परत येणार आणि तोवर चांदी सोडू नये. हे मला अजिबात पटत नाही. ते साडेपंधरा फ्रान्सने १८०३ मध्ये कायद्याने बांधून दिलेले होते आणि टांकसाळी त्या दराने दोन्ही धातू घेत होत्या म्हणून ते टिकले. १८७० च्या दशकात जर्मनीने चांदीचे चलन सोडून सोने धरले, इतर देश त्यामागे गेले आणि चांदी घसरत सुटली. आपल्याकडे चांदी नेऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेण्याची मुभा लोकांना होती, ती सरकारने जून १८९३ मध्ये बंद केली. त्या दिवसापासून शेतकऱ्याच्या घरातले तोडे-वाळे हे रुपयाच्या बरोबरीचे राहिले नाहीत, नुसती चांदी झाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चांदीत बचत केली, त्यांचे त्यात किती नुकसान झाले असेल, याचा विचार केला की मन विषण्ण होते.

आजही दोन धातूंच्या मागणीची जात वेगळी आहे. चांदीची निम्म्याहून अधिक मागणी कारखान्यांची आहे: सौरपट्ट्या, विजेची उपकरणे, मोटारी. शिवाय बहुतेक चांदी शिसे, जस्त आणि तांब्याच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून निघते, त्यामुळे भाव वाढला म्हणून पुरवठा लगेच वाढत नाही. उसळी अशी जबरदस्त येते ती यामुळे, आणि मंदी आली की आपटीही तशीच असते. एप्रिल २०११ मध्ये आपल्याकडे किलोला त्र्याहत्तर हजारांच्या घरात गेलेली चांदी त्या पातळीला परतायला २०२० उजाडले. सोन्यामागे मात्र जगभरच्या मध्यवर्ती बँका उभ्या आहेत. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले आणि आपल्या रिझर्व्ह बँकेजवळही २०२५ मध्ये सुमारे ८८० टन होते. चांदीचा असा साठा त्या करत नाहीत.

तुमच्या प्रश्नात मला निर्णायक वाटते ते गुणोत्तर नव्हे, दहा तोळे. तुमचा खर्च सोन्यात ठरलेला आहे आणि तारीखही जवळपास ठरलेली आहे. ज्याला दोन वर्षांनी सोने घ्यावेच लागणार आहे, त्याने बचत चांदीत ठेवणे म्हणजे त्या दोन वर्षांत चांदी सोन्यापेक्षा अधिक चढेल, अशी पैज लावणे होय. यजमानांना चांदीवर विश्वास आहे तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, पण ती पैज लेकीच्या लग्नाच्या पैशांवर लावू नये. एकच अट आहे: एकदा बदलले की मागे फिरायचे नाही. कसोटी यांच्या आकड्यांनी १४.२० ग्रॅम सोने देऊन उद्या पुन्हा चांदी घेतली, तर सोने मोडताना दोन टक्के घट आणि चांदीवरचा जीएसटी जाऊन ८७८ ग्रॅमच परत मिळते. किलो पुरा व्हायला गुणोत्तर ६५ वरून ७४ ला जावे लागेल.

आणखी एक हिशेब आधीच समजून असावा. दोन लगडींचे मिळून २८.४ ग्रॅम शुद्ध सोने होते, म्हणजे बावीस कॅरेटचे ३१ ग्रॅम. दहा तोळ्यांपैकी तीन तोळ्यांची सोय यातून होईल, तीही घडणावळ धरण्यापूर्वी. उरलेल्या सातांसाठी दरमहा वेगळी तरतूद लागेलच.

कसोटी

नाणेघाट यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त दागिने आत्ताच घडवू नका ताई. दोन वर्षांनी मुलीची आवड बदलली की मोडताना घडणावळ वाया जाते. शुद्ध सोन्याचे नाणे घ्या किंवा लगडीचे पैसे बँकेत घेऊन सोन्याच्या ईटीएफमध्ये (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या सोन्याच्या फंडात) ठेवा. तिथे घेताना जीएसटी नाही आणि लॉकरही लागत नाही. नाणे घ्याल तर सराफाकडूनच घ्या, कारण बँकेतून घेतलेले नाणे बँक परत घेत नाही. पुढे दागिना घ्याल तेव्हा त्यावरचा हॉलमार्किंगचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक पावतीशी ताडून पाहा.

कृष्णाकाठ

ठरले ते कळवते. २०१३ ची लगड याच आठवड्यात देत आहोत आणि पैसे ईटीएफमध्ये ठेवत आहोत. २०१९ ची एप्रिलमध्ये, त्या वेळी भाव काहीही असला तरी. उरलेल्या सोन्यासाठी यजमानांनी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढायचे मान्य केले आहे.

रविवारी वन्सं स्वतःच आल्या. आम्ही दोघींनी मिळून रुपयांची साले वाचली. साठांपैकी तेवीस १९४० नंतरचे निघाले. भांडी मोडायची नाहीत, ती निम्मी-निम्मी वाटून दोन्ही घरी सणाला वापरायची, असे त्यांनीच सुचवले आणि समई त्यांच्याकडे गेली. राणीछाप रुपये सध्या वेगळ्या पुडीत बांधून ठेवले आहेत. ते एखाद्या नाणेतज्ज्ञाला दाखवल्याखेरीज काट्यावर जाणार नाहीत.